बी.एड.च्या मुलांना अभ्यासाचं वाचन-लेखन कसं शिकवावं? (मराठवाड्यातले अनुभव हवेत)

पूर्णाकाठ

गेल्या महिन्यात ४३ असाइनमेंट तपासायला घेतल्या. विषय कोठारी आयोगाच्या शिफारशी. ३१ जणांनी आयोगाचं वर्ष १९४६ लिहिलं होतं. आयोग १९६४ ते ६६ चा. बाजारातल्या एका गाईडात छपाईत आकडे उलटे पडलेत, तेच सगळ्यांनी उतरवलं. छपाईची चूक कुणाचीही होते, ती सोडून देऊ. पण याच ३१ जणांनी पुढच्याच ओळीत ‘स्वतंत्र भारतातील शिक्षणाचा समग्र विचार करणारा आयोग’ असं लिहिलंय. १९४६ आणि स्वतंत्र भारत! दोन्ही ओळी हातानं लिहिल्या आणि एकालाही थांबावंसं वाटलं नाही. ही मुलं वर्ष-दीड वर्षात कुठल्या ना कुठल्या वर्गात शिक्षक म्हणून उभी राहणार आहेत. त्या रात्री मला नीट झोप आली नाही.

परभणी जिल्ह्यातल्या एका बी.एड. कॉलेजात मी अकरा वर्षं शिकवतोय. मुलं हुशार नाहीत असं कुणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही. त्या ३१ मधलीच एक मुलगी. तिच्या गावात सातवीनंतर मुलींची शाळा का सुटते यावर ती वर्गात वीस मिनिटं बोलली, हातात कागद नाही. एसटीच्या वेळा, शाळेतलं स्वच्छतागृह, कापूस वेचणीचे दिवस, धाकट्या भावंडांना सांभाळणं, एकेक कारण उदाहरणासकट सांगितलं. मी म्हटलं, हेच लिहून आण. लिहून आणलं ते असं: ‘आजच्या आधुनिक युगात स्त्री शिक्षणाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.’ दोन पानं हेच. एसटी गेली, कापूस गेला, स्वच्छतागृह गेलं. विचारलं तर म्हणाली, “सर, समजायलंय सगळं. पण पेन हातात घेतला की दुसऱ्याचीच भाषा येती.”

तिची चूक नाही. दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे उत्तर म्हणजे पाठ केलेले मुद्दे, खाली रेघ, सुवाच्य अक्षर. हे कुठं वाचलंस, तुला पटलं का, असं पंधरा वर्षांत कुणी विचारलं नाही. बी.एड.ला आल्यावर मात्र आपण एकदम पुस्तक परीक्षण, चिंतनात्मक टिपण, कृतिसंशोधनाचा (आपल्याच वर्गातल्या अडचणीवर उपाय करून पाहण्याचा) अहवाल मागतो. २०१५-१६ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं तेव्हा मजकुराचं वाचन आणि त्यावर चिंतन असा स्वतंत्र घटकच अभ्यासक्रमात आला. त्यामागचा विचार उत्तम होता. प्रत्यक्षात त्याची झाली एक फाईल. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या बॅचची फाईल मिळते, मुखपृष्ठ बदलायचं, सही घ्यायची.

या सत्रात मी एक करून पाहिलं. महात्मा फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ ला इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला जे निवेदन दिलं, त्यातला प्राथमिक शाळा आणि शिक्षकांबद्दलचा भाग मराठीतून वाटला. दोन पानं, एक तास. पेन्सिल हातात हवी आणि प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एक शब्द किंवा एक प्रश्न लिहायचा, एवढीच अट. पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांचे समास कोरे. पुस्तकावर काही लिहायचं नसतं असंच आपण शिकवलेलं असतं. मग फळ्यावर चार प्रश्न लिहिले. कोण बोलतंय? कुणाला सांगतंय? काय मागतंय? कशाच्या जोरावर मागतंय?

मागच्या बाकावरचा एक जण, घरी तीन एकर कोरडवाहू, म्हणाला, “सर, हे शिक्षकाचा पगार मागायलेत. बारा रुपयांच्या खाली नको, मोठ्या गावात पंधरा-वीस.” एक मुलगी म्हणाली, “आणि होता होईल तो शिक्षक शेतकऱ्यांतलाच तयार करा म्हणतात, त्यांच्यात मिसळणारा.” तिसऱ्यानं विचारलं, “म्हणजे तेव्हाचे शिक्षक मिसळत नव्हते का? हे कुठं लिहिलंय?” तिथून तास पेटला. उत्तरासाठी सगळे परत कागदात शिरले. दोन पानं तीनदा वाचली गेली, मी न सांगता.

मग प्रत्येकानं फक्त चार वाक्यं लिहायची. मागच्या बाकावरच्या त्या मुलाचं पहिलं लिखाण: ‘महात्मा फुले हे थोर समाजसुधारक होते. त्यांनी शिक्षणक्षेत्रात मोलाचे योगदान दिले.’ मी एवढंच विचारलं की हे वाक्य ही दोन पानं न वाचता लिहिता आलं असतं का? तो म्हणाला, “आलं असतं.” दुसऱ्या दिवशी हे आणलं: ‘हंटर आयोगापुढच्या निवेदनात (१८८२) फुले प्राथमिक शिक्षकाला किमान बारा रुपये पगार मागतात आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत असेही सुचवतात. दोन्ही मागण्या एकत्र वाचल्या तर मला असे दिसते की शिक्षक मुलांच्या जवळचाही हवा आणि त्याचे पोटही भरले पाहिजे, असे त्यांना म्हणायचे आहे. माझ्या गावच्या शाळेतले शिक्षक रोज ४० किलोमीटरवरून येतात. ते आमच्यात मिसळत नाहीत असे मी म्हणणार नाही, पण शाळा सुटल्यावर ते गावात कधीच नसतात.’

हा कागद मी जपून ठेवलाय.

मला मदत हवी आहे ती पुढच्यासाठी. हे एका तासाचं झालं. पन्नास-पन्नासच्या दोन तुकड्या, प्रत्येकाचे दोन-दोन खर्डे, आणि निम्मे सहकारी तासिका तत्त्वावर. कसं निभवायचं? तुमच्याकडे कुणी काही करतंय का?

सीताफळ

सर, मी सध्या बीडला बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमची पोस्ट वाचून आमच्या फाईली आठवल्या. पण आमची बाजूही सांगतो, राग मानू नका. आम्हाला दोन वर्षांत पाठ घ्यायचे, टाचणं काढायची, २० आठवडे शाळेत आंतरवासिता करायची आणि त्यातच टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा अभ्यास. टीईटीला १५० प्रश्न, सगळे पर्यायी, एक ओळसुद्धा स्वतःची लिहायची नाही. पुढे भरतीची अभियोग्यता चाचणीही पर्यायीच. आई-वडील ऊसतोडीला जातात, दिवाळीनंतर घरी मी आणि धाकटी बहीण. नोकरीच्या वाटेवर जे लागतं ते आधी करावं लागतं. कृतिसंशोधनाचा अहवाल मी सिनियरकडून घेतला, खोटं कशाला बोलू. तसं करावं वाटत नव्हतं, पण अहवाल म्हणजे नेमकं काय करायचं हे कुणी बसून दाखवलंच नाही.

पूर्णाकाठ

@सीताफळ, राग कसला बाळा, तुझं शेवटचं वाक्य आम्हा सगळ्या प्राध्यापकांनी वाचायला हवं. परीक्षेबद्दल एकच सांगतो. टीईटीतला उतारा आणि त्याखालचे प्रश्न घे. ज्यांना मजकुरात लेखकाचं मत कुठलं आणि माहिती कुठली हे वेगळं काढता येतं, त्यांना ते जड जात नाहीत. माझ्या वर्गात फुल्यांच्या पानांवर बसलेल्या मुलांनी नंतर अशा उताऱ्यांत कमी चुका केल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझा कृतिसंशोधनाचा विषय काय होता ते सांगशील? अजून वेळ असेल तर इथंच नीट करू.

सीताफळ

‘इयत्ता सहावीच्या विद्यार्थ्यांच्या वाचन क्षमतेचा अभ्यास.’ सर, वेळ आहे. जानेवारीत जमा करायचा.

गोदावरी_नांदेड

@सीताफळ, विषय फार मोठा आहे, म्हणूनच सिनियरकडून घ्यावा लागला. तो तुमच्या वर्गात आणा. आंतरवासितेत सहावीच्या वर्गावर होतात ना? किती मुलं अडखळत होती? नेमकी कुठं, जोडाक्षरांवर की लांब वाक्यांवर? तुम्ही काय केलं आणि किती दिवस? एवढी चार उत्तरं लिहिली की अहवालाचा कणा तयार.

आणि सर, तुम्ही आकड्यांबद्दल काही लिहिलं नाही म्हणून माझ्या वर्गातलं सांगते. प्रत्येक अहवालाची सुरुवात ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीतल्या आकड्यांनी होते. एका मुलीनं लिहिलं, ‘असरने महाराष्ट्रातील शाळांमध्ये जाऊन मुलांची परीक्षा घेतली.’ आम्ही पूर्ण तास त्याच एका वाक्यावर घालवला. अहवालाचं पद्धतीबद्दलचं पान उघडलं. पाहणी ग्रामीण भागातली. जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येक गावातली २० घरं. मुलांना घरी भेटतात, म्हणजे शाळेत न जाणारं मूलही त्यात येतं. वाचनाची सगळ्यात वरची पायरी दुसरीच्या पातळीची गोष्ट. हे कळल्यावर तिचं वाक्य आपोआप बदललं: ‘ग्रामीण महाराष्ट्रातील घरांमध्ये जाऊन केलेल्या पाहणीनुसार…’ त्या चार-पाच शब्दांत किती समज भरलीय बघा. लातूर किंवा नांदेड शहरातल्या शाळेबद्दल या आकड्यावरून बोलता येणार नाही, हे तिचं तिलाच उमगलं.

निवृत्त_मुख्याध्यापक

चर्चा चांगली आहे. पण आधी शुद्धलेखन! ऱ्हस्व-दीर्घ येत नाही, ‘आणि’चा ‘आनी’ होतो, अशी मुलं संदर्भ आणि युक्तिवाद काय करणार? पाया कच्चा असताना माडी चढवू नका. ३४ वर्षांच्या नोकरीचा हा अनुभव.

तांड्यावरची

गुरुजी, नमस्कार. तुमच्या अनुभवापुढे मी लहान आहे, पण हे वाचून बोलल्याशिवाय राहवत नाही.

मी किनवट भागातल्या बंजारा तांड्यावरची. घरी गोरमाटी बोली. शाळेत मराठी, तीही पहिल्या दिवसापासून पुस्तकातली. बी.एड.ला असताना माझी पहिली असाइनमेंट लाल शाईनं भरून परत आली. सगळ्या खुणा ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि ‘न-ण’च्या. मी काय म्हटलंय यावर एक शब्द नव्हता. त्यात मी तांड्यावरच्या बायका मोजमाप कसं करतात हे लिहिलं होतं, पिशवी शिवताना, कवड्या लावताना. गणिताच्या पाठासाठी ते वापरता येईल असं मला वाटत होतं. सरांनी वाचलं की नाही हेच कळलं नाही. त्यानंतर दोन वर्षं मी गाईडच उतरवलं, कारण गाईडात शुद्धलेखनाच्या चुका नसतात.

नंतर एम.एड.ला जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाचं काम वाचलं. अंगणात, बाजारात बोलायची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही मांडणी त्यांनी १९७९ साली केली. स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून पुढे आलं ते असं की रोजची बोली दोनेक वर्षांत जमते, पण अभ्यासाची भाषा पेलायला पाच ते सात वर्षं लागतात. ते वाचलं तेव्हा मी ग्रंथालयात बसून रडले. मला मराठी बोलता येत होतं म्हणून सगळ्यांना वाटायचं, हिला मराठी येतं. मलाही तसंच वाटायचं. मग लिहिता येत नाही म्हणजे आपणच मठ्ठ.

आता मी स्वतः शिकवते तेव्हा पहिला खर्डा कुठल्याही भाषेत चालतो. गोरमाटी, दखनी, गावाकडची मराठी, काहीही. पहिल्या खर्ड्यात मी एकच बघते, मुद्दा काय आहे. दुसऱ्यात, तो कशावर उभा आहे. तिसऱ्यात प्रमाण मराठी आणि शुद्धलेखन. शुद्धलेखन सोडा असं मी म्हणत नाही, गुरुजी. ते शेवटी येऊ द्या.

निवृत्त_मुख्याध्यापक

बाई, तुमची पिशवीची गोष्ट मनाला लागली. मीही अशा कितीतरी वह्या लाल केल्या असतील. शुद्धलेखनावरचा माझा आग्रह कायम आहे, पण क्रम बदलावा हे पटलं. तो कवड्यांचा गणिताचा पाठ पुढे घेतलात का?

तांड्यावरची

घेतला, गुरुजी. सातवीला, प्रमाण आणि गुणोत्तर. आता दरवर्षी घेते.

अभ्यासक_संभाजीनगर

ही जी अडचण तुम्ही सगळे सांगताय ती आपल्याकडचीच आहे असं समजू नका. मेरी ली आणि ब्रायन स्ट्रीट या दोघांचा १९९८ चा एक निबंध या विषयात पायाभूत मानला जातो. त्यांनी इंग्लंडमधल्या दोन विद्यापीठांत विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघांशी बोलून पाहिलं. प्राध्यापक म्हणायचे, ‘युक्तिवाद हवा’, ‘रचना नीट नाही’. पण युक्तिवाद म्हणजे काय हे सांगा म्हटलं की त्यांनाच सांगता येईना. एकाच विद्यार्थ्याचं लिखाण इतिहासात चांगलं ठरायचं आणि दुसऱ्या विषयात नापसंत. कारण प्रत्येक विषयाची ‘चांगलं लिहिणं’ याची कल्पना वेगळी, आणि ती कुणी उघड करून सांगत नाही.

हे बी.एड.ला फार लागू पडतं. आपल्याकडे एकाच वर्गात पदवीला कुणी इतिहास, कुणी रसायनशास्त्र, कुणी हिंदी घेऊन येतं. रसायनवाल्याला ‘मला वाटतं’ लिहायचं नाही असं शिकवलेलं असतं. आपण त्याच्याकडे चिंतनात्मक टिपण मागतो, म्हणजे ‘मला वाटतं’च मागतो. तो गोंधळणारच. त्याला आळशी म्हणण्याआधी आपण नियम बदलले आहेत हे त्याला सांगायला हवं. म्हणून ‘लेखन कौशल्य’ नावाची वेगळी दोन दिवसांची कार्यशाळा घेऊन भागत नाही. मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं मानसशास्त्रात कसं लिहितात ते दाखवावं, अध्यापन पद्धतीच्या प्राध्यापकानं टाचण आणि अहवाल यांची भाषा वेगळी का ते दाखवावं.

तपासण्याच्या ओझ्याबद्दल, @पूर्णाकाठ सर: शंभर जणांचं सगळं तपासू नका. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बघायची, आणि ती कोणती हे मुलांना आधी सांगायचं. या वेळी फक्त एवढं बघणार की दुसऱ्याचं म्हणणं कुठं संपतं आणि तुझं कुठं सुरू होतं. एका कागदाला दोन मिनिटं लागतात. मी तासिका तत्त्वावर असताना असंच निभावलं.

किनवटची_वाट

‘दुसऱ्याचं कुठं संपतं आणि तुझं कुठं सुरू होतं’ हे लिहून भिंतीवर लावतेय.

नाथसागर

मी शिक्षणक्षेत्रातला नाही, पैठणचा आहे, शेती करतो, पोथ्या वाचायची आवड. पण हा शेवटचा मुद्दा वाचून राहवलं नाही.

आमच्या गावात शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये नाथमहाराजांनी, म्हणजे संत एकनाथांनी, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षं हातानं उतरवताना कुणाकुणाच्या ओव्या, शब्द आत शिरले होते ते त्यांनी काढले. स्वतः एवढे मोठे कवी, पण त्यात आपली ओवी घातली नाही. उलट बजावून ठेवलं की ज्ञानेश्वरीत कुणी आपली ओवी मिसळली तर त्यानं अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असं समजा. दुसऱ्याचा शब्द आणि आपला शब्द वेगळा ठेवायचा हे विद्यापीठानं आत्ता शिकवलेलं नाही, आपल्याकडे ते घरचंच आहे.

आणि त्याच्याही आधी लीळाचरित्र लिहिणारे म्हाइंभट. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, गोळा करताना ज्यांनी पाहिलं, ज्यांनी ऐकलं, त्यांच्यापर्यंत ते गेले. एकाच प्रसंगाच्या दोघांच्या आठवणी वेगळ्या निघाल्या तर तो फरकही नोंदवलेला सापडतो. तेराव्या शतकात! तुमच्या मुलांना संदर्भ देणं परकं वाटत असेल तर त्यांना हे सांगा.

पूर्णाकाठ

@नाथसागर, दादा, सोमवारच्या तासाची सुरुवात मी यानेच करणार. तुमचा उल्लेख करून.

ग्रंथपाल_लातूर

संदर्भावर बोलणं निघालंय म्हणून. माझ्याकडे बी.एड., एम.एड.ची मुलं येतात आणि विचारतात, “मॅडम, कंसात नाव-वर्ष टाकायचंय, कुठलं टाकू?” लिहून झाल्यावर! म्हणजे संदर्भ ही शेवटी लावायची झालर आहे असा समज. त्यात भर म्हणून, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधात दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, हे अर्धवट ऐकून मुलं म्हणतात, १० टक्के चालतं. मग ‘महत्त्वाचे’च्या जागी ‘मोलाचे’ घालून शब्द बदलत बसतात. तेवढ्या वेळात पुस्तकाचं एक प्रकरण वाचून झालं असतं. मी सांगते, साम्य कमी दाखवण्यासाठी संदर्भ द्यायचा नसतो. तुझ्या वाचकाला ते पान उघडून बघता यावं म्हणून द्यायचा. तो रस्ता आहे, आणि रस्ता चुकीचा सांगितला तर माणूस भलतीकडे जातो.

मी एक खेळ घेते. पाच जणांना एकेक पुस्तक, दहा मिनिटं. पुस्तक वाचायचं नाही. नावाच्या मागचं पान, अनुक्रमणिका, प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद आणि असेल तर शेवटची सूची एवढंच बघायचं आणि सांगायचं: हे पुस्तक माझ्या प्रश्नाच्या कामाचं आहे का, असेल तर कुठलं प्रकरण? पहिल्यांदा घेतलं तेव्हा चौघांनी पुस्तक मध्येच उघडून वाचायला सुरुवात केली. कितवी आवृत्ती, कुठल्या वर्षीची, हे कुठं छापलेलं असतं ते पदवी झालेल्या मुलांना माहीत नव्हतं. आता माहीत झालंय. १९४६ वाली चूक अशा मुलांच्या हातून सहज निसटणार नाही.

पुस्तकं नाहीत ही सबब गावाकडच्या मुलांना खरी आहे, ती नाकारत नाही. पण मोबाईल आहे. मराठी विश्वकोश पूर्ण मोफत आहे आणि बऱ्याच नोंदींखाली लेखकाचं नाव आणि संदर्भ असतात. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर आपल्या दोन्ही विद्यापीठांतले, संभाजीनगरचे आणि नांदेडचे, मराठीतले प्रबंध वाचायला मिळतात. दुसऱ्याचा प्रबंध उतरवू नका, त्याची संदर्भसूची वाचा. तिथून मूळ पुस्तकापर्यंत पोचा.

गोदावरी_नांदेड

आणि चॅटजीपीटीचं काय करायचं मॅडम? या वर्षी निम्म्या असाइनमेंट एकाच गुळगुळीत भाषेत आल्यात.

ग्रंथपाल_लातूर

माझ्याकडे एकजण आठ पुस्तकांची यादी घेऊन आला. नावं भारदस्त, प्रकाशक पुण्याचे, वर्षंही दिलेली. दोघं मिळून तासभर शोधलं. आठातलं एकही सापडलं नाही. त्या यंत्रानं नावं रचली होती. पोराचा चेहरा उतरला. मी रागावले नाही, कारण त्या एका तासात तो जे शिकला ते कुठल्याच व्याख्यानानं शिकवलं नसतं. आता तो दुसऱ्यांना सांगतो, आधी पुस्तक हातात घे.

अभ्यासक_संभाजीनगर

बंदी घालून उपयोग नाही, लपून वापरतील. मी असाइनमेंटबरोबर पाच मिनिटं बोलणं ठेवलंय. समोर बसायचं, मी एका वाक्यावर बोट ठेवणार, “हे कुठून आलं? याच्याशी तू सहमत आहेस का?” ज्यानं वाचलंय तो बोलतो. ज्यानं नाही वाचलं त्याला गुण कापत नाही, पुढच्या आठवड्यात परत ये म्हणतो. बहुतेक जण वाचून येतात.

तांड्यावरची

बोलण्यातून लिहिण्याकडे जायचा हाच रस्ता मला सगळ्यात जवळचा वाटतो. @पूर्णाकाठ, तुमच्या त्या एसटी-कापूसवाल्या मुलीचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि तिलाच ते ऐकून उतरवायला सांगा. पहिला खर्डा तोच.

ग्रंथपाल_लातूर

अनुमोदन. आणि तिला क्रियापदं द्या. आपली मुलं सगळ्यांना ‘म्हणतात’ लावतात. फुले म्हणतात, आंबेडकर म्हणतात, आयोग म्हणतो. मांडतात, सुचवतात, मागणी करतात, आक्षेप घेतात, मान्य करतात, नोंदवतात, दाखवून देतात… प्रत्येक शब्दानं अर्थ हलतो. ‘आयोग सुचवतो’ आणि ‘आयोग दाखवून देतो’ यांत केवढा फरक आहे! कुठलं वापरू हे ठरवायला मूळ मजकूर परत वाचावाच लागतो.

हिंगोलीची_शाळा

सर, मला ओळखलंत की नाही माहीत नाही. मी तुमचा चार वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. तेव्हा फुल्यांची पानं नव्हती, पण तुम्ही ‘हे तुला कुणी सांगितलं?’ असं सारखं विचारायचात. तेव्हा त्याचा त्रास व्हायचा.

मी आता एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत आहे. गेल्या वर्षी सातवीच्या मुलांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल आजी-आजोबांना विचारून यायला सांगितलं. एवढीच अट की वाक्यात सांगणाऱ्याचं नाव हवं. मुलांनी आणलेलं असं होतं: ‘आजी म्हणाली, रेशनवर मिलो मिळायची, लाल ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची.’ ‘शेजारचे आबा म्हणाले, खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची.’ मग एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, माझी आजी म्हणती आपल्या विहिरीला तेव्हा पाणी होतं, आणि हिचे आजोबा म्हणतात नव्हतं.” वर्गात भांडणच लागलं. कुणाचं खरं? मी म्हटलं, दोन्ही लिहा, नावांसकट, आणि दोघांना परत जाऊन विचारा की कुठल्या महिन्याचं सांगताय.

परत गेल्या. आजी दिवाळीचं सांगत होती, आजोबा चैत्रातलं.

नाथसागर दादांचं म्हाइंभटांबद्दलचं आज वाचलं. मला ते ठाऊक नव्हतं. ती वही अजून शाळेत आहे. हवी असेल तर तुमच्या मुलांना दाखवायला पाठवतो.

सीताफळ

मला बघायची आहे ती वही. आणि @गोदावरी_नांदेड ताई, तुमचे चार प्रश्न लिहून काढले. माझ्या वर्गात २६ मुलं होती, त्यातली ९ अडखळायची. जोडाक्षरांपेक्षा लांब वाक्यांवर जास्त. मी तीन आठवडे रोज दहा मिनिटं जोडीनं वाचायला बसवलं होतं, पण तेव्हा ते संशोधन आहे हे कळलं नव्हतं म्हणून रोजची नोंद ठेवली नाही. आता काय करू?

गोदावरी_नांदेड

जे आठवतंय ते आजच लिहून काढा, आणि ‘हे आठवणीतून लिहिले आहे’ असं वर स्पष्ट नोंदवा. त्या शाळेतल्या बाईंना भेटून त्यांना काय दिसलं ते विचारा, त्यांचं म्हणणं वेगळं लिहा. जमलं तर त्याच ९ जणांकडून एकदा परत वाचून घ्या. सिनियरचा अहवाल बाजूला ठेवा.

पूर्णाकाठ

@हिंगोलीची_शाळा, ओळखलं. तुझं अक्षर अजून तसंच असेल तर वही पाठव, वाचू आम्ही. पत्ता निरोपातून कळवतो.

बाकी सगळ्यांचं वाचून सोमवारपासूनचं ठरवलंय ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. पहिल्या तासाला नाथमहाराजांची नरोटी आणि म्हाइंभट. मग हिंगोलीच्या वहीतली विहिरीची दोन पानं, फुल्यांच्या आधी. खर्डे तीन, तांड्यावरच्या ताईंच्या क्रमानं, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट तपासणार. क्रियापदांची यादी मुलांकडूनच वाढवून घेणार. कॉलेजातल्या दोन सहकाऱ्यांशी बोललो, मानसशास्त्राच्या मॅडम तयार आहेत, दुसऱ्यांना वेळ नाही म्हणाले. दोघांवर सुरू करतो.

त्या मुलीचं बोलणं काल रेकॉर्ड केलं. बावीस मिनिटं झालं. ती आत्ता ग्रंथालयात बसून कानाला हेडफोन लावून उतरवतेय, आणि मधेच येऊन विचारून गेली, “सर, एसटीची वेळ मी सात-दहा सांगितलीय. डेपोत विचारून पक्की करू का आधी?”